भिशी आणि लाल खुर्च्या

माझ्या सासूबाईंना फुकटचं काही पचत नाही. दुकानात एकावर एक फुकट असं दिसलं की त्या दुसरा पुडा उचलून परत फळीवर ठेवतात आणि मी तो त्यांची पाठ वळली की गुपचूप ट्रॉलीत टाकते. "फुकट घेतलं की मान खाली जाती," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. २०२०च्या फेब्रुवारीत त्या कऱ्हाडहून आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ओंगारला, दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानं बंद झाली. नवरा किलकेनीच्या हॉस्पिटलात. घरी आजार आणायला नको म्हणून तो तिकडेच खोली घेऊन राहिला. म्हणजे त्याची आई आणि त्याची बायको एका छताखाली, आणि हा शंभरेक किलोमीटर लांब, दोघींना वेगवेगळा फोन करून "तू समजून घे" म्हणायला मोकळा.

आम्ही एकमेकींना समजून घेतलं नाही, पण भांडून भांडून सवय झाली. मी वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे, त्या खाली स्वयंपाकघरात. माझ्या मीटिंगमध्ये फोडणीचा आवाज आणि त्यांच्या फोडणीत माझं इंग्रजी.

त्या वर्षी इथला वसंत विलक्षण कोरडा होता. रोज ऊन. घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायची बंदी, त्यामुळे सगळी वसाहत खिडकीतून ऊन बघत हळहळत होती. सासूबाई हळहळणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी मुगाची डाळ भिजवली, वाटली, आणि मागच्या अंगणातल्या टेबलावर जुनी चादर पसरून सांडगे घातले. मी सांगून पाहिलं, "आई, इथल्या उन्हावर भरवसा ठेवू नका." त्या म्हणाल्या, "ऊन त्ये ऊन. त्याला काय पासपोर्ट असतोय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. मी वर मीटिंगमध्ये अडकलेली, सासूबाई सोफ्यावर घोरत होत्या. खिडकीतून बघते तर शेजारची बाई कुंपणावरून उडी मारून आमच्या अंगणात आलेली. तिने चादरीची चारी टोकं गोळा केली, गाठोडं छातीशी धरलं आणि आमच्या मागच्या दाराच्या आडोशाला येऊन उभी राहिली. तोंडावर मास्क, अंगावर नर्सिंग होमचा निळा गणवेश, चिंब भिजलेली. मी धावत खाली आले तर ती गाठोड्यात डोकावून विचारते, "हे कुठले मासे?"

मासे नव्हेत म्हटल्यावर तिला फार वाईट वाटलं. ती केनियातली, मोठ्या तळ्याकाठच्या एका खेड्यातली. तिच्या गावात बोटाएवढे रुपेरी मासे असेच फडक्यावर वाळत घालतात. पाऊस आला की सगळं गाव धावतं आणि कोणाचं फडकं कोणी उचललं हे बघत नाही. "पाऊस दिसला आणि पाय आपोआप पळाले," ती म्हणाली आणि इतकी हसली की सासूबाई जाग्या झाल्या.

मदत फुकट घेणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुंपणावर सांडग्यांच्या भाजीचा डबा गेला. चार दिवसांनी त्याच डब्यातून गोडसर, फुगलेल्या तिकोनी पुऱ्या आल्या. सासूबाईंनी झाकण उघडून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. रिकामा डबा परत न देणारी माणसं त्यांच्या हिशेबी आपल्यातली.

ती सासूबाईंना "मामा" म्हणायची. मामा म्हणजे आई, हे मी दोनदा समजावूनही सासूबाई म्हणत, "म्हणू दे की. मामा म्हटल्यानं मी काय ल्हान व्हत न्हाई." त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि तिला मराठी, पण दोन मीटर अंतर ठेवून, कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून, त्या तासन्‌तास बोलायच्या. मी कॉफी करायला खाली आले की मला पकडून भाषांतर करून घ्यायच्या.

अशा भाषांतरांतूनच तिची गोष्ट कळत गेली. पंधरा वर्षं ती इथे होती. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, भरवणं हे तिचं काम, आणि ते ती मनापासून करायची. पण तिला नर्स व्हायचं होतं. प्रवेश मिळाला होता. तिने तो एकदा पुढे ढकलला होता, आणि कॉलेजने सांगितलं होतं की पुढच्या वर्षीचा सप्टेंबर ही शेवटची संधी. अडचण घरची. गावी आई, विधवा वहिनी आणि तिची तीन मुलं. गवताने शाकारलेली झोपडी दर पावसाळ्याला गळायची. वहिनी व्यापाऱ्याकडून उधारीवर मासे घेऊन बाजारात विकायची, आणि नफा व्यापाऱ्यालाच जायचा. शाळा, औषधं, गवत, सगळं हिच्या पगारातून. शनिवार-रविवारच्या जादा पाळ्या केल्या तरच ते भागायचं. अभ्यास घेतला तर जादा पाळ्या बंद, आणि जादा पाळ्या बंद झाल्या तर घरी पैसे बंद. "एक दिवस होईल," ती म्हणायची, आणि वर "ग्रँड", म्हणजे सगळं झकास, असा शिक्का मारायची. इथे काहीच ग्रँड नसलं की लोक ग्रँड म्हणतात, हे ती शिकली होती.

जूनमध्ये एका संध्याकाळी तिने कुंपणापाशी येऊन मला हाका मारल्या. गावात कुठल्याशा संस्थेची माणसं आली होती. गावातल्या प्रत्येक घराला, मग ते कोणाचंही असो, पैसे देणार होती. थेट फोनवरच्या खात्यात, दोन हप्त्यांत, आणि बऱ्यापैकी मोठे. परत द्यायचे नाहीत. कशावर खर्च करायचे, तेही विचारणार नाहीत.

मी म्हटलं, "स्कॅम."

माझी काय चूक? मी आयटीतली. कुठल्या निरोपावर विश्वास ठेवायचा नाही, ह्याचं प्रशिक्षण आम्हाला कंपनी सक्तीने देते. पण तिने आधीच चौकशी केली होती. शेजारच्या गावात पैसे आले होते, तिच्या मावसबहिणीने त्यातून शेळ्या घेतल्या होत्या. मग मी मुकाट्याने चहा ठेवला.

पंचाईत वेगळीच निघाली. तिच्या आईने नाही म्हणून सांगितलं होतं.

गावात बोलवा उठली होती की हा पैसा सर्पपूजकांचा आहे. घेतला की घरात साप येतो, बसून राहतो, आणि एक दिवस मूल मागतो. बऱ्याच जणांनी तरीही घेतला. म्हातारी मात्र हटून बसली. संस्थेची माणसं एकदा परत पाठवून झाली होती. पुढच्या आठवड्यात ती शेवटची येणार होती, आणि तेव्हाही नाही म्हटलं तर घर यादीतून कायमचं बाद. मुलीने फोनवर समजावलं, रागावली, रडली. आईचं एकच म्हणणं. "मी काही दिलेलं नाही, मग मला कोणी का द्यावं?"

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं, ते अशा अपेक्षेने की त्या म्हणतील, काय अडाणी बाई. त्या गंभीर झाल्या. "नाग असंल बी," त्या म्हणाल्या. "गुप्तधनावर नाग असतोच. आमच्या आत्तीच्या गावाला..."

"आई!"

"तू गप. त्या बाईचं बरोबर हाय. मला उद्या कोणी दारात येऊन पैशे दिले तर मी घीन का? तिला फोन लाव म्हणावं. मी बोलते."

रविवारी सकाळी कुंपणाच्या खांबावर फुलदाणीला टेकवून फोन ठेवला. पडद्यावर एका झाडाखाली बसलेली, डोक्याला पिवळं फडकं बांधलेली म्हातारी. मागे शेळी. तिने सासूबाईंना बघितलं, सासूबाईंनी तिला. दोघींनी एकमेकींच्या लुगड्या-फडक्याची नीट पाहणी केली. मग सासूबाई बोलायला लागल्या. मी त्याचं इंग्रजी करायची, शेजारीण त्याचं तिच्या भाषेत. उत्तर उलट्या वाटेने यायचं. एवढ्या लांबच्या वळणाने जाऊनही त्या दोघींचं बोलणं आमच्यापेक्षा लवकर कळत होतं.

"बाई, तुमच्यात भिशी असती का?" सासूबाईंनी विचारलं.

भिशी कशी सांगायची ह्यात माझी दोन मिनिटं गेली. दर महिन्याला बायका जमतात, सारखे पैसे काढतात, नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, जिची निघेल तिला सगळी रक्कम. शेजारणीने ते ऐकलं आणि टाळीच वाजवली. "चामा!" त्यांच्याकडे त्याला चामा म्हणतात. म्हातारी त्यांच्या वाडीतल्या चाम्यात तरुणपणापासून होती. तिने त्यातूनच पोरांच्या शाळेची फी भरली होती.

"मग सांग मला," सासूबाई म्हणाल्या, "पयल्या म्हैन्यात जिची चिठ्ठी निघती, तिनं काय भरल्यालं असतंय? एकच हप्ता. बाकीच्या अकरा जणींचं पैशे ती आधीच घेऊन जाती. तिला कोण चोर म्हणतं का? तिच्या घरात नाग निघतो का?"

हे वळण घेत पलीकडे पोचलं. म्हातारीने शेळीला हाकललं. मग म्हणाली, "पण ती पुढे भरते. मी कोणाला भरू? ती माणसं तर परत घेणार नाहीत."

"ज्याची चिठ्ठी पुढं निघंल, त्याला," सासूबाई म्हणाल्या. "कोण त्ये तुला तवा कळंल. आज तुझी निघाली हाय. निघाली की लाजायचं न्हाई, घ्यायची."

शेजारीण डोळे मिटून उभी होती. मी तर त्या न पाहिलेल्या झोपडीच्या छपरात गुंतले होते. शेवटी म्हातारीने काहीतरी विचारलं, आणि शेजारीण हसत सुटली.

"ती विचारतेय, ह्या बाईची सून तिला नीट वागवते का?"

मी भाषांतर करायचं की नाही ह्या विचारात असतानाच सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून प्रश्न ओळखला. "सांग तिला," त्या म्हणाल्या, "तोंडाळ हाय, पण जेवायला घालती." बुधवारी संस्थेची माणसं आली तेव्हा म्हातारीने अंगठा दिला.

आता पैसे कशावर खर्च करायचे ह्यावर कुंपणापाशी परिषदा भरायला लागल्या. शेजारणीचं म्हणणं आधी पत्र्याचं छप्पर. सासूबाईंचं म्हणणं म्हैस. केनियात म्हशी पाळत नाहीत, त्या रानात असतात आणि माणसाला शिंगावर घेतात, असं कळल्यावर त्या नाइलाजाने गाईवर आल्या, पण बोलताना म्हैसच म्हणायच्या. म्हातारी फोनवर सगळं ऐकून घ्यायची आणि हो हो म्हणायची. तिचं हे हो हो ऐकून मला संशय यायला हवा होता. माझ्या सासूबाईही अगदी असंच हो हो म्हणतात आणि मग मनातलं करतात.

पहिला हप्ता आला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारीण तणतणत बाहेर आली. फोन माझ्या तोंडापुढे धरला. फोटोत गळक्या झोपडीसमोर लालभडक प्लास्टिकच्या खुर्च्या. एकात एक घालून रचलेल्या, माणसाच्या उंचीच्या रांगाच रांगा. आणि शेवटच्या रांगेपाशी, एका मोकळ्या खुर्चीवर, पिवळ्या फडक्यातली म्हातारी राणीसारखी बसलेली.

"खुर्च्या!" ती ओरडली. "छप्पर नाही, गाय नाही, खुर्च्या! पावसात भिजत बसणार आहे का तिथे सगळ्या गावाला घेऊन?"

सासूबाईंचा तर अपमानच झाला होता. "म्हैस सांगितली होती मी," एवढंच म्हणून त्या आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या. प्रेसचं दार तीनदा आपटलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि सासूबाईंनी इंग्रजीतला तेवढा एकच शब्द आपलासा केला होता.

म्हातारीचा हिशोब आम्हाला हळूहळू कळला. त्यांच्या गावात लग्न असो, मयत असो, प्रार्थना असो, शेकडो माणसं जमतात, आणि बसायला लागतात. चर्चमध्ये लांब बाकं होती. पण साथीचा नियम आला: बाकांवर खेटून बसायचं नाही, उघड्यावर बसा, लांब लांब बसा. बाकं बाद. सुट्या खुर्च्या कोणाकडेच नव्हत्या. तालुक्याच्या गावाहून भाड्याने आणायच्या तर खुर्चीपेक्षा ट्रकचं भाडं जड. म्हातारीने हे सगळं झाडाखाली बसून बघितलं होतं, आणि सासूबाई म्हशीचे गुण सांगत होत्या तेव्हा ती मनातल्या मनात खुर्च्या मोजत होती.

पहिल्यांदा खुर्च्या एका मयताला गेल्या. मग एका लग्नाला. मग दर रविवारी चर्चला. वहिनीने एक हातगाडी केली, मासे बाजूला ठेवून ती खुर्च्या पोचवायला लागली, आणि मग खुर्च्यांच्या पैशातून मासे रोखीने घ्यायला लागली, तेव्हा तो व्यापारी आपोआप गोड बोलायला लागला. सगळ्यात कहर म्हणजे, पुढच्या गावांत वाटपाची माहिती द्यायला संस्थेने मैदानात सभा घेतली, तर तिच्यासाठी खुर्च्या ह्याच. त्यांच्याच पैशाने घेतलेल्या खुर्च्यांचं भाडं म्हातारीने त्यांच्याकडून रोख वसूल केलं. शेजारीण हे सांगताना कुंपणाला धरून खाली बसली, हसून हसून. मी भाषांतर केल्यावर सासूबाईंनी भांडी घासायचं थांबवून विचारलं, "सवलत तरी दिली का?" नाही दिली. "शाणी हाय," सासूबाई म्हणाल्या. म्हशीचा राग तिथे निम्मा उतरला.

दुसऱ्या हप्त्यात छप्पर झालं. पत्र्याला पन्हळ, पन्हळीखाली मोठी टाकी, म्हणजे पोरांची तळ्यापर्यंतची खेप वाचली. नवं छप्पर दाखवायला म्हातारीने भर पावसात फोन केला. बोलणं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, नुसता पत्र्याचा ताशा. तिने फोन छताकडे धरून ठेवला आणि आम्ही तिघी इकडे आमच्या पावसात, छत्र्या घेऊन, तो आवाज ऐकत उभ्या राहिलो. शेजारच्या आयरिश आजोबांनी खिडकी उघडून विचारलं की सगळं ठीक आहे ना. "ग्रँड!" शेजारीण ओरडली, आणि त्या दिवशी ते खरं होतं.

२०२१ आलं. भारतातल्या बातम्या वाईट होत्या, सासूबाईंचं परतणं पुन्हा लांबलं. नवरा एक दिवसाआड फोन करून दोघींना समजून घे म्हणायचा, पण आता आम्ही त्याचा फोन स्पीकरवर टाकायचो. शेजारणीचा सप्टेंबर जवळ येत होता. ती त्याबद्दल बोलायची नाही. जादा पाळ्या चालूच होत्या. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "खुर्च्या चालल्यात, पण नियम उठले की बाकं परत येतील. मग? मी कॉलेजला 'येत नाही' असं कळवून टाकणार आहे." मला तिला धरून हलवावंसं वाटलं. मी फक्त म्हटलं, थोडं थांब. सासूबाईंनी तर तिच्याशी दोन दिवस अबोला धरला, म्हणजे डबा दिला पण हात केला नाही.

जुलैच्या अखेरीस, एका शनिवारी दुपारी, ती पाळीवर जायच्या गणवेशात कुंपणापाशी आली आणि नुसती उभी राहिली. मला वाटलं गावाकडे काही वाईट झालं. तिने फोन पुढे केला. मला त्यातलं एक अक्षर कळेना, तेव्हा तिने वाचून दाखवलं.

आईने पैसे पाठवले होते. गावाहून इकडे. फार नव्हते, पुस्तकांना आणि बुटांना पुरतील एवढे. आणि निरोप होता: ह्या महिन्यापासून तू पाठवू नकोस. घर चालतंय. त्या कुंपणापलीकडच्या बाईला सांग, पुढची चिठ्ठी कोणाची हे मला कळलं. तुझी निघाली आहे.

"पंधरा वर्षं मी पाठवतेय," ती म्हणाली. "घरून मला कधी काही आलं नव्हतं." मग ती रडली, आणि मी साथीचे सगळे नियम धाब्यावर बसवून कुंपणावरून वाकले आणि तिला मिठी मारली. मलाही आवरेना.

सासूबाईंना मी भाषांतर करून सांगायला लागले, तर "चिठ्ठी" एवढं ऐकताच त्यांना पुढचं कळलं. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तिला सांग, लाजायचं न्हाई, घ्यायची." आणि थोड्या वेळाने, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "म्हशीपेक्षा खुर्च्याच बऱ्या निघाल्या."

त्या शनिवारी शेजारीण जादा पाळीवर गेली नाही. घरी जाऊन झोपली, आणि तिच्या घरचे पडदे रविवारी दुपारपर्यंत बंद होते.

सप्टेंबरात कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती नवे पांढरे बूट घालून बस पकडायला निघाली. सासूबाईंचं परतीचं तिकीट आलं होतं, पण हा दिवस झाल्याशिवाय हलणार नाही असं त्यांनी मुलाला ठणकावलं होतं. दारात उभं राहून त्यांनी तिच्या तळहातावर दही-साखर घातली. तिने फोन लावून आईला दाखवलं. पलीकडे पिवळं फडकं, वर पत्र्याचं छप्पर, आणि आज बाकीच्या सगळ्या खुर्च्या कुठल्याशा लग्नाला गेल्यामुळे अंगणात एकच लाल खुर्ची, तिच्यावर म्हातारी. तिने विचारलं की मुलगी हातातून काय चाटतेय. सासूबाईंनी माझी वाट न बघता थेट तिलाच मराठीत सांगितलं, आणि म्हातारीने मान डोलावली.